आधी लांबी, मग दाते, मग बाकीचं

रोड बाइकला क्रँक कार्बनचा लावावा की ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियमचा. घाट चढणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या, एकाच सायकलवर वर्ष काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या बहुतेक सायकलस्वारांना माझं हेच सांगणं आहे. वाचलेल्या पैशात योग्य लांबी, योग्य दाते आणि एक बरा टॉर्क रेंच येतो, तो घ्या. कार्बनशी माझं वैर नाही. तक्रार आहे ती प्रश्नांच्या क्रमाबद्दल. जो प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा, तो आपण काउंटरशी पोचताच विचारतो. ज्यांचा थेट गुडघ्याशी संबंध आहे, ते दोन प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. देशोदेशीचे व्यावसायिक सायकलपटू आपल्या घाटरस्त्यांवरून गेले, आणि कडेला उभ्या असलेल्या कितीतरी पोरांनी तशा सायकली पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिल्या. त्यातल्या काहींना आता रोड बाइक हवी असणार. ते पैसे घरातून येणार आहेत, म्हणून एकेक दावा नीट तपासून घेऊ.

"कार्बन हलका असतो." असतो. कार्बन कंपोझिटची घनता घनसेंटिमीटरला साधारण 1.6 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7. पण क्रँकसेट म्हणजे नुसते दोन आर्म नव्हेत. त्यात आस आली, चेनरिंगा आल्या, बोल्ट आले, आणि हे सगळं बहुधा धातूचंच असतं. म्हणून अख्खा क्रँकसेट काट्यावर ठेवला की फरक आक्रसतो. शिमानो 105 चा ॲल्युमिनियमचा क्रँकसेट साडेसातशे ग्रॅमच्या आसपास भरतो, ड्युरा-एसचा सातशेच्या जरा आत, आणि कार्बनचे नामांकित क्रँकसेट सहाशेच्या आसपास. 105 वरून थेट वरच्या दर्जाच्या कार्बनवर उडी मारली, तर वाचले दीडशे ग्रॅम.

हे दीडशे ग्रॅम सिंहगडावर घेऊन जा. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरा, आणि पायथ्यापासून वाहनतळापर्यंत एक तास लागतो असं धरा. तीव्र चढावर वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात वाढतो किंवा घटतो. दीडशे ग्रॅम म्हणजे 80 किलोच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, साधारण 0.19 टक्के. तासाभराच्या चढाईत वाचले सहा-सात सेकंद. शर्यतीत पहिल्या दोघांत सहा सेकंदांचं अंतर असेल, तर हे सेकंद सोन्याचे आहेत. बाकीच्यांनी पाण्याची बाटली पाऊण भरून घेतली तरी तेवढंच वजन उतरतं.

"पण क्रँक हे फिरणारं वजन आहे, ते दुपटीनं जाणवतं." हा दावा इतक्यांदा ऐकू येतो की तो एकदा मोडीतच काढला पाहिजे. चाकाची कड सायकलच्या वेगानंच फिरते, तिथं या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. क्रँकचं तसं नाही. 170 मिलिमीटरचा क्रँक मिनिटाला 90 फेऱ्या मारत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 1.6 मीटर भरतो, म्हणजे तुम्ही-आम्ही चालतो त्याहून थोडासाच जास्त. त्या टोकाला शंभर ग्रॅम जास्तीचे चिकटवले, तरी ते फिरवायला लागणारी जास्तीची ऊर्जा एका ज्यूलच्या आठव्या हिश्श्याइतकी आहे. सेकंदाला आठ मीटर वेगानं जाणाऱ्या 80 किलोच्या सायकल-स्वाराची गतिज ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या वर असते. शिवाय एक आर्म वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, म्हणजे उचलण्याचा बोजाही परस्पर फिटतो. क्रँकचं वजन हे वजन म्हणून मोजा. फिरतं म्हणून त्याची जास्त किंमत देऊ नका.

"कार्बन ताठ असतो, पायाचा जोर वाया जात नाही." इथं थोडं थांबायला हवं, कारण हा दावा अर्धा खरा आहे. कार्बनच्या धाग्याची ताकद धाग्याच्या दिशेत असते. एकाच दिशेनं ताण येणाऱ्या भागात त्याला तोड नाही. पण पेडल आर्मच्या बाहेरच्या अंगाला बसतं, त्यामुळे पायाचा जोर आर्मला वाकवतो आणि त्याच वेळी पिळतोही. म्हणजे धागे उभे हवेत, तिरपेही हवेत. थर वाढतात, आणि एकाच दिशेतल्या ताकदीचा फायदा वाटला जातो. ॲल्युमिनियम सगळ्या दिशांना सारखंच ताठ. आर्म आतून पोकळ ठेवून बाहेरून जाड केला, तर तो वजनाच्या मानानं भरपूर ताठ होतो. शिमानोच्या हॉलोटेकची सगळी करामत ती हीच.

पुरावा रस्त्यावरचा घ्या. शिमानोनं मध्यंतरी कार्बनचा ड्युरा-एस क्रँकही काढला होता. आजचा आर9200 मात्र ॲल्युमिनियमचाच आहे. कंपनीचा सगळ्यांत महाग रोड क्रँक, आणि धातूचा. योनास विंगेगार्डनं 2022 ची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा त्याच्या संघाकडे शिमानो ड्युरा-एस होतं. 2023 मध्ये संघ स्रॅम कंपनीकडे गेला, तिच्या रेड मालिकेतले कार्बनचे क्रँक आले, आणि त्यानं टूर पुन्हा जिंकली. क्रँकच्या आर्मचं द्रव्य बदललं, विजेता तोच राहिला. ज्याच्या पायात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वॅट आहेत त्याला दोन्ही चालतात, तर आपलं त्यावाचून अडेल असं मानायला आधार नाही.

आता कार्बनचा आर्म हातात घ्या आणि पेडल काढून ते भोक पाहा. आत आटे दिसतील, आणि ते ॲल्युमिनियमचे दिसतील. कार्बनमध्ये थेट आटे पाडले तर ते टिकत नाहीत, म्हणून तिथं धातूची बुशिंग चिकटवून किंवा साच्यातच बसवून घेतात. आसेच्या टोकालाही बहुतेकदा असाच धातू असतो. म्हणजे ज्या दोन ठिकाणी क्रँकवर सगळ्यांत जास्त ताण येतो, त्या दोन्ही ठिकाणी कार्बन आणि धातूचा सांधा आहे. कार्बन स्वतः थकत नाही फारसा. सांधा थकतो. त्यातून कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी आलं, की ॲल्युमिनियम गंजू लागतं. चांगले कारखाने म्हणून मध्ये काचतंतूचा थर घालतात. स्वस्त, निनावी मालात तो आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

आणि आपल्याकडे खारं पाणी कमी आहे का? अलिबाग ते मालवण किनाऱ्यालगतचा रस्ता, मुंबईची दमट हवा, सगळ्यांत खारट म्हणजे आपलाच घाम. पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध घाटात चाकाखालून उडणारा चिखल नेमका क्रँकवरच येतो. सुटी खडी उडून आर्मला लागते. सायकल टेम्पोत आडवी टाकली जाते, रेल्वेच्या डब्यात दुसऱ्या सायकलीवर आपटते. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला तर ओरखडा दिसतो. कार्बनच्या आत थर सुटले, तर वरचा रंग तसाच तुकतुकीत राहू शकतो. एवढ्या एका कारणासाठीही मी सामान्य स्वाराला ॲल्युमिनियम सांगेन.

मात्र ॲल्युमिनियम निर्दोष आहे असं कुणी सांगितलं, तर तेही ऐकून घेऊ नका. सप्टेंबर 2023 मध्ये शिमानोनं जून 2012 ते जून 2019 या काळात बनलेले अकरा-स्पीडचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी मागवले. जगभरात सुमारे 28 लाख. मॉडेल पाच: अल्टेग्राचे एफसी-6800 आणि एफसी-आर8000, ड्युरा-एसचे एफसी-9000, एफसी-आर9100 आणि एफसी-आर9100-पी. हे आर्म दोन भाग चिकटवून बनवले होते. तो सांधा सुटत होता. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं त्या वेळी आकडा दिला: क्रँक उकलल्याच्या 4,519 तक्रारी आणि सहा जण जखमी, त्यात हाडं मोडल्याचेही प्रकार. यातला महत्त्वाचा तपशील असा की त्याच काळातला स्वस्त 105 या यादीत नाही. त्याचा आर्म वेगळ्या पद्धतीनं घडवलेला होता. जास्त पैसे मोजणाऱ्यांच्या क्रँकचा सांधा सुटला, कमी मोजणाऱ्यांचा शाबूत राहिला. कार्बन असो वा ॲल्युमिनियम, घात केला तो चिकटवलेल्या सांध्यानं. क्रँक निवडताना म्हणूनच हे विचारायचं: यात सांधे किती, आणि ते मला तपासता येतात का?

अखंड ॲल्युमिनियमचीही एक खोड आहे, ती ठाऊक असलेली बरी. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते तग धरतं. ॲल्युमिनियमला तशी खालची मर्यादा नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तसं इथंही होतं, फक्त लाखो फेऱ्यांनी. वर्षाला 5,000 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 25, मिनिटाला 85 फेऱ्या असा हिशेब केला, तर क्रँक वर्षात दहा लाखांच्या वर फेऱ्या मारतो. कँपाग्नोलोच्या जुन्या रेकॉर्ड क्रँकना जिथं चेनरिंगचे फाटे आर्मला मिळतात, तिथल्या खाचेत तडे जात, आणि जाणकार मंडळी ती खाच कानशीनं गुळगुळीत करून घेत. तडा कोपऱ्यातून सुरू होतो, हा धडा त्या पिढीनं दिला. चांगली गोष्ट ही की असा तडा बहुधा पृष्ठभागावरून सुरू होतो, आणि बघणाऱ्याला तो वेळेत दिसू शकतो.

आपल्या आजोबांच्या सायकलला पोलादी क्रँक होता आणि तो कॉटर पिन ठोकून बसवलेला असे. पिन ढिली झाली की प्रत्येक फेरीला पायाखाली टक्क व्हायचं, आणि सायकलवाला हातोडी घेऊन ती पुन्हा ठोकायचा. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटनं 1933 मध्ये बिनकॉटरचा ॲल्युमिनियम क्रँक बाजारात आणला. म्हणजे या धातूच्या क्रँकचा नव्वद वर्षांचा अनुभव जगाच्या गाठीशी आहे. तो कसा थकतो, कुठं तडकतो, किती घट्ट करायचा, हे सगळं माहीत आहे, आणि ही माहिती तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकपर्यंतही पोचू शकते.

आता ते दोन प्रश्न, जे आधी विचारायला हवेत.

पहिला, लांबी. 54 मापाच्या कितीतरी फ्रेमवर 172.5 मिलिमीटरचा क्रँक बसूनच येतो, आणि साडेपाच फुटांचा माणूस तो जन्मभर फिरवत राहतो. 165 चा लावला तर पेडल तळाशी साडेसात मिलिमीटर वर राहतं, म्हणून सीट तितकीच वर घेता येते. वरच्या टोकाला पेडल साडेसात मिलिमीटर खाली आलेलं असतं. दोन्ही मिळून मांडी आणि पोट यांच्यामध्ये दीड सेंटिमीटर जागा मोकळी होते. हँडलचा खालचा भाग धरून वाकलेल्या माणसाला हा दीड सेंटिमीटर प्रत्येक फेरीत जाणवतो. लहान क्रँकनं ताकद कमी पडेल ही भीती जुनी आहे. मार्टिन आणि स्पिरडुसो यांनी 2001 मध्ये 120 पासून 220 मिलिमीटरपर्यंतच्या क्रँकवर स्वारांची कमाल ताकद मोजली. एवढ्या प्रचंड टप्प्यातही फरक चारेक टक्क्यांचा निघाला, आणि 145 व 170 दोन्ही सरस ठरले. ताडेय पोगाचार 2024 मध्ये 165 चा क्रँक चालवत होता. त्या वर्षी त्यानं गिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या. 105 चा ॲल्युमिनियम क्रँक 160 आणि 165 मध्येही मिळतो. दुकानात नसेल तर मागवायला लावा, थांबा, पण चुकीची लांबी घरी आणू नका.

दुसरा, दाते. पुढं 52/36 आणि मागं 28 ची मोठी चकती, हे मिश्रण सपाट रस्त्यावर सुंदर पळतं. खंबाटकीत आणि सिंहगडावर ते गुडघे धरतं. हिशेब सोपा आहे. पुढं 34 आणि मागं 34 दाते असताना मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या, तर सायकल ताशी जवळजवळ नऊ किलोमीटरनं चढते. त्याच वेगाला 36 आणि 28 वर फेऱ्या उरतात 54. म्हणजे प्रत्येक फेरीला पायाला सव्वापटीहून जास्त जोर लावावा लागतो, आणि तो तासभर. 50/34 चा साधा ॲल्युमिनियम क्रँक आणि 11-34 ची कॅसेट सामान्य स्वाराला जितकं सुख देते, तितकं कुठलाही कार्बन देणार नाही.

एक तिसरी बाब, थोडक्यात. शिमानोची आस 24 मिलिमीटरची, स्रॅम डबची 28.99. फ्रेममधला बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बीबी, त्याप्रमाणे लागतो. क्रँक घेतला आणि बीबी जुळला नाही, तर जास्तीचा खर्च आणि कुरकुर दोन्ही पदरी पडतात. आधी फ्रेमचं बीबीचं मानक लिहून न्या.

कार्बन कुणी घ्यावा? जो नोंदणीकृत शर्यतीत उतरतो, ज्याच्या सायकलचं बाकीचं वजन आधीच उतरलेलं आहे, ज्याला पडझडीनंतर आर्म बदलण्याची तयारी आहे, आणि जो नामांकित कंपनीचा माल बिलासकट घेतो, त्यानं घ्यावा. अख्खी सायकलच कार्बन क्रँकसह आली असेल, तर तो काढून फेकायचंही काही कारण नाही. पण निनावी कार्बन क्रँक, केवळ स्वस्त आहे म्हणून, कुणीही घेऊ नये. उभं राहून जोर लावत असताना क्रँक तुटला, तर पाय थेट खाली जातो, आणि मागून ट्रक येत असतो. इथं स्वस्ताईला जागा नाही.

आता जो क्रँक तुमच्याकडे आहे, त्याचं बघा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तो सायकलवरून उतरवा. ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरडा करा, आणि खिडकीतल्या उजेडात धरा. पेडलच्या भोकाभोवती बघा, चेनरिंगचे फाटे आर्मला मिळतात त्या कोपऱ्यांत बघा, आतल्या अंगाची कड नखानं चाचपा. केसासारखी रेघ दिसली की तो क्रँक बाद. आर्म चिकटवलेला असेल तर सांध्यात फट किंवा पांढरी बुकटी दिसते का ते तपासा. कार्बनचा असेल तर पेडल घट्ट करून धातूची बुशिंग जराही हलते का पाहा, आणि कंपनीनं पेडलखाली वायसर सांगितला असेल तर तो न विसरता घाला.

बसवताना अंदाज नको. हॉलोटेकच्या डाव्या आर्मचे दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, 12 ते 14 न्यूटन-मीटर. स्रॅम डबचा बोल्ट 54. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला हात आर्म कायमचा वाया घालवतो. बरा टॉर्क रेंच कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमधल्या फरकापेक्षा खूप कमी पैशांत येतो. एकट्याला परवडत नसेल तर सोसायटीतल्या, क्लबातल्या चौघांनी मिळून घ्यावा.

आणि हे क्लबवाल्यांसाठी. सेकंड हँड बाजारात 6800 आणि आर8000 लावलेल्या सायकली अजूनही विकल्या जातात, आणि अनेकदा त्या घेणारा कुणी विद्यार्थी असतो, ज्याला 2023 ची ती सूचना ठाऊक नसते. आर्मच्या आतल्या अंगाला, पेडल बसतं तिथं, दोन रोमन अक्षरांचा उत्पादन-संकेत कोरलेला असतो. विकणाऱ्यानं तो दाखवावा, आणि यादीत बसत असेल तर क्रँक तपासून घेतल्याचा कागद द्यावा. दाखवायला तयार नसेल तर सौदा तिथंच मोडा. रविवारच्या राईडला ब्रेक आणि हवा तपासता ना, येत्या रविवारी सगळ्यांच्या क्रँकवरची ती दोन अक्षरंही वाचा.